रेतीत गाळ किती

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या लॅबच्या मागं रेती धुवायची सिमेंटची टाकी आहे. तिच्या तळाला जसा गाळ साचतो, तसे ते साचतात. वरून पाणी स्वच्छ दिसतं, हात घातला की कोपरापर्यंत चिखल.

मी विद्यानगरच्या एका खाजगी लॅबमध्ये कामाला आहे. लोक बांधकामाच्या आधी आपल्या जागेची माती तपासायला आणतात. ती चाळायची, धुवायची, वाळवायची, हे माझं काम. शिक्षण चौथी. आमच्यात माणसं तीनच. मूर्ती सर इंजिनियर, लॅब त्यांची. नसरीन मशीन चालवते. आणि मी, मला सगळे अक्का म्हणतात. सर तेलुगू, नसरीन दक्खनी, मी मराठी. बोलतो ती तिन्हीची खिचडी. सरांचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते, नाहीतर वाचताना तुमची जीभ दुखेल.

हसण्यासारखं आमच्याकडे फार काही होत नाही. घाबरण्यासारखं मात्र रोज होतं. आणि घाबरलेला माणूस जे बोलून जातो, ते शहाणा माणूस जन्मात बोलणार नाही.

*

मशीनच्या खोलीत आमच्याकडे चपला चालत नाहीत. आत देव ठेवलेला नाही, रेती असते.

सैल रेतीत ताकद किती ते बघायचं, तर ती आधी सैलच भरावी लागते. अख्खी दुनिया रेती ठोकून घट्ट करते, आणि आम्ही ती सैल राहावी म्हणून जीव टाकतो. वीतभर उंचीची रबराची पिशवी, तिच्याभोवती साचा. नसरीन थोडी ओलसर केलेली रेती चमच्यानं त्यात सोडते, श्वास रोखून. कुणी दार आपटलं, कुणी पाय आपटला, की रेती आतल्या आत दबते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून पंखा बंद, मोबाइल बाहेर, पाय उघडे. शिंक आली तर मागच्या टाकीकडे पळायचं.

एकदा एक बिल्डर आले. पायात जाड बूट. मी म्हटलं, "बूट बाहेर."

"अम्मा, रेतीच आहे ना? बॉम्ब आहे का?"

नसरीननं मान न वळवता सांगितलं, "बम को तार रैता साब. इसकू वो भी नै."

साहेब हसले आणि मस्करीत टेबलावर एक थाप मारली. आमच्या डोळ्यांदेखत साच्यातली रेती खाली गेली. फार नाही, थोडीच. पण इतकी गुपचूप गेली की साहेबांचा हात टेबलावरच राहिला.

"ही कुठली रेती?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच प्लॉटची," मी म्हटलं. "मागच्या बाजूची. तिथं तुमचं ऑफिस आहे म्हणाला होतात."

साहेबांनी उभ्या उभ्याच बूट काढले, दोन्ही हातात धरले आणि चवड्यांवर चालत बाहेर गेले. दार इतकं हळू लोटलं की आजवर आमच्यापैकीही कुणी लोटलं नसेल.

नसरीन साचा रिकामा करत म्हणाली, "अब कैकू? बैठ गई सो बैठ गई."

*

मला बरेच दिवस एक गोष्ट पटत नव्हती. रेतीत गाळ असला की ती कमजोर, असं सर म्हणायचे. मी म्हटलं, "असं कसं? डाळीच्या डब्यात पीठ सांडलं तर ते फटींत जातं. डबा आणखी भरतो. म्हणजे घट्टच झाला की."

सर म्हणाले, "गाळ सगळा फटींत गेला असता तर गोष्ट वेगळी होती. त्यातला काही दोन कणांच्या मध्ये जाऊन बसतो. बाहेरून वाटतं की कण एकमेकांना टेकलेत. टेकलेले नसतात."

हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला.

मग त्यांनी दोन नमुने लावायला सांगितले. एक मी धुऊन काढलेली स्वच्छ रेती, दुसरी तीच रेती पण गाळ मिसळलेली. दोन्ही सारख्याच सैल, दोन्ही पाण्यानं भरलेल्या. मशीन वरून हळूहळू दाबतं. स्वच्छ रेती मध्ये फुगली, पोट सुटल्यासारखी दिसायला लागली, पण भार उचलत राहिली. गाळाची रेतीही उचलत होती. चांगली उचलत होती. आणि मग उचलेनाशी झाली. मध्ये काही नाही. कुरकुर नाही, कण्हणं नाही. उभ्या माणसाचे गुडघे जावेत तशी खाली.

"आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, की भार पाण्यावर येतो," सर म्हणाले. "आणि पाण्याला हाडं नसतात."

"आणखी गाळ घातला तर?"

"आणखी कमजोर. पण एका हद्दीपर्यंत. त्याच्या पुढे रेतीचे कण एकमेकांना लागतच नाहीत, गाळात तरंगतात. मग ती नावाची रेती. तिचं वागणं सगळं गाळाचं."

नसरीन मशीन बंद करत म्हणाली, "समझ गई. सास जैसा. घर में थोडी थोडी घुसी तो घर टूटता. पूरी घुसी तो घर उसीच का."

सर दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्या सासूबाई तेव्हा त्यांच्याकडेच राहत होत्या.

*

या नोकरीनं आम्हा तिघांचंही डोकं फिरवलंय. सर कुणाच्याही नव्या घरी गेले की जेवणाआधी खाली जाऊन पार्किंगच्या फरशीवरून पाय फिरवून येतात. मी रस्त्यात खोदलेला खड्डा दिसला की वाकून आत बघते. पण नसरीनची गोष्ट सगळ्यांच्या वरची.

तिच्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी पक्की, स्वतःचं नवं घर. नसरीन आईबरोबर बघायला गेली. शरबत आलं, मिठाई आली. सगळं जुळत आलेलं. नसरीननं ग्लास खाली ठेवला आणि मुलाच्या आईला विचारलं, "खाला, ये जगा पैले क्या थी?"

त्या बाई अभिमानानं म्हणाल्या, "तालाब था बेटा. क्या ठंडी हवा आती थी."

नसरीन उठली. "लड़का अच्छा है. ज़मीन नक्को."

तिच्या आईनं घरी येऊन तोंडाला पदर लावला. नातेवाइकांत बोभाटा झाला. लोक मुलाचा स्वभाव विचारतात, पगार विचारतात, ही जमिनीत गाळ किती ते विचारते! आम्हीही लॅबमध्ये तिला चिडवलं. सर म्हणाले, "नसरीन, तुझ्या निकाहच्या वेळी आपण मंडपाखालीच बोअर घेऊन माती तपासू."

काही दिवसांनी दुपारी लॅबच्या दारात एक बुरखेवाल्या बाई उभ्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माती. नसरीनला बघून त्यांना लाज वाटली, पण आल्या आत. म्हणाल्या, "रिश्ते की बात नै करने आई मैं. जब से तू बोल के गई, नींद नै आ री. ये देख के दे दे."

*

हिमायतनगरला भाड्यानं राहणारा पुण्याचा एक मुलगा आला होता. आयटीतला. शहराबाहेर रो-हाऊस घेत होता. माती तपासून झाली, सरांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. रेती सैल आहे, गाळ आहे, जमिनीखालचं पाणी अगदी वरच आहे. बिल्डरनं पाया खोल घेतलाय की नाही ते कागदावर मागा.

मुलगा हो हो म्हणाला आणि माझ्यामागं टाकीपाशी आला. मी मराठी आहे हे त्याला कळलं होतं.

"मावशी, सरांनी सांगितलं ते मला समजलं. पण मला फक्त हो किंवा नाही हवंय."

"रेतीला हो-नाही येत नाही," मी म्हटलं. "कोरडी असली की हो म्हणते. ओली झाली की विचार बदलते."

"अहो, तसं नको ना. मला खरंच झोप येत नाहीये. बायको म्हणते मी उगाच पॅनिक होतोय." तो जवळ आला. "एकच सांगा. तुम्ही राहाल का अशा जागी?"

"मी राहतेच की," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. "खरंच? मग ठीक आहे. थँक्यू मावशी, जीवात जीव आला." आणि गेला, पायऱ्यांवरून उड्या मारत.

माझा हात टाकीत तसाच. गाळ बोटांमधून वर येत होता. आमची कॉलनी जुन्या तळ्याच्या काठावर, शिकम जमिनीवर आहे, म्हणजे एकेकाळी तळ्याचं पाणी चढायचं तिथं. भर टाकून प्लॉट पाडले. आमचं घर तिथं झालं तेव्हा मी लॅबमध्ये नव्हते. ही गोष्ट मला रोज माहीत होती. पण इतकी वर्षं परक्यांची माती धुताना ती एकदाही माझ्या तोंडातून बाहेर पडली नव्हती.

आणि माझा मुलगा नागेश त्याच घरावर मजला चढवणार होता. सूनबाई ज्योतीला दिवस गेलेले. बाळ वरच्या मजल्यावर रांगायला लागेल, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

*

त्या संध्याकाळी मी मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं: मागच्या अंगणात खड्डा घ्या, खालची रेती काढा, मला लॅबमध्ये न्यायचीय. माझे मालक सिकंदराबादला रेल्वेच्या गोदामात होते, आता रिटायर आहेत. माणूस शांत, सांगितलं ते करणारा. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर जेवणाचा मोठा डबा रेतीनं भरून तयार.

मी लॅबमध्ये सांगितलं नाही कुणाच्या घरची ते. "एका बाईची आहे," म्हटलं. नसरीननं नमुना भरला, मशीन लावलं. मी बाहेर टाकीपाशी जाऊन बसले. माझ्यानं आत थांबवेना. लग्नाच्या वेळी घाबरले नव्हते, नागेशच्या बाळंतपणात घाबरले नव्हते. त्या वीतभर पिशवीला घाबरले.

सरच बाहेर आले. हसत होते.

"अक्का, त्या बाईला सांगा, नशीबवान आहे. गाळ जवळजवळ नाहीच. इतकी स्वच्छ रेती आजकाल नदीतसुद्धा मिळत नाही."

मी घरी गेले ती जाताना जिलेबी घेऊनच. मालकांच्या हातावर ठेवली आणि रिपोर्ट सांगितला. त्यांची मान अशी ताठ झाली, जणू रेती त्यांनीच घडवली होती.

"होणारच की," ते म्हणाले. "चार पाण्यांनी धुतली मी. तुझ्या जुन्या साडीवर वाळवली. खडे होते तेही निवडून टाकले."

जिलेबीचा घास माझ्या तोंडातच राहिला. "धुतलीत? कशाला धुतलीत?"

"म्हणजे काय? परक्या माणसांसमोर घरची वस्तू अशी चिखलानं भरलेली न्यायची? तुझे सर काय म्हणाले असते?"

"अहो, तो चिखलच तर बघायचा होता!"

मालक विचारात पडले. मग म्हणाले, "पाणी मी मोरीत ओतलं. आता कुठून आणू?"

*

दुसऱ्यांदा खड्डा मी स्वतः घेतला. रेती वर आली ती काळपट, बोटांना चिकटणारी. धुतलेल्या डब्यात नाही, मिळाली त्या पिशवीत नेली. या वेळी आत थांबले. सरांनाही खरं सांगितलं.

ती उचलत होती. चांगली उचलत होती. मग गेली.

नसरीननं माझ्याकडे बघितलं नाही. ती मशीन पुसायला लागली, जे आधीच पुसलेलं होतं.

मी सरांना विचारलं, "घर पडेल का?"

"पडणार नाही अक्का. आहे तेवढ्या भाराला इतकी वर्षं राहिलंय, राहील. वर मजला चढवला, खाली पाणी भरलं आणि वर एखादा हादरा बसला, तर खचेल."

"किती खचेल?"

"किती, हा प्रश्न नाही. सगळं सारखं खाली गेलं तर तुम्हाला कळणारही नाही. एक कोपरा आधी गेला तर घर वाकतं."

"कोणता कोपरा?"

"जिथं गाळ जास्त असेल तो."

"कुठं जास्त आहे?"

सरांनी पिशवीतली उरलेली रेती बोटांवर घासून बघितली. मग म्हणाले, "मी एकाच खड्ड्यातली रेती बघितलीय. आधी खालची जमीन मजबूत करून घ्या. मग वरचं बघा. तोपर्यंत एक वीटसुद्धा नको."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं नागेशला सांगितलं. तो म्हणाला, "आई, अख्ख्या कॉलनीनं मजले चढवलेत. आपलंच घर बुडणार आहे का?"

"कॉलनीच्या खाली काय आहे ते कॉलनीनं बघितलेलं नाही."

"तेच बरंय त्यांचं. झोपतात तरी."

मी म्हटलं, "मी या घरात असेपर्यंत वर वीट चढणार नाही. मिस्त्री आला तर त्याच्या डोक्यात घमेलं घालीन." नागेश हसला. त्याला वाटतं मी नुसती बोलते. ज्योती हसली नाही. ती उठून भिंतीपासून थोडी लांब बसली. पोटावर हात ठेवून.

*

ज्या सकाळी नागेशनं सळ्यांची लॉरी बोलावली होती, त्याच सकाळी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बोअरची गाडी आली. आधी नुसती घरघर. मग ते अवजड हत्यार जमिनीत उतरायला लागलं आणि आमच्या भिंतीपलीकडून हादरे यायला लागले. पायांतून पोटात जाणारे. न्हाणीतल्या बादलीतलं पाणी एकटंच थरथरत होतं.

मी ज्योतीच्या हाताला धरून तिला बाहेर आणलं आणि गल्लीत खुर्ची टाकून बसवलं. मग शेजारच्या प्लॉटमध्ये घुसून त्या बोअरवाल्यासमोर उभी राहिले. "बंद कर ते!" तो कानाला हात लावून दाखवत होता की ऐकू येत नाही. मी त्याच्या आईबापाचा उद्धार केला, तोही त्याला ऐकू आला नाही. गल्लीतले लोक बाहेर येऊन बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "अक्काला काय झालं?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "रेतीच्या लॅबमध्ये जाते ना ती. डोक्यावर परिणाम झालाय."

नागेशनं येऊन माझा दंड धरला आणि मला परत आणलं. तो चिडला नव्हता. लाजला होता. ते जास्त लागलं.

मग बोअरला पाणी लागलं. चिखलाचा फवारा उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मशीन थांबलं. सगळीकडे एकदम शांत.

घर उभं होतं. भिंतीला एक रेघ नाही. नागेश कमरेवर हात ठेवून घराकडे बघत म्हणाला, "बघितलंस ना आई? जागचं हललं नाही." ज्योतीसुद्धा हसली आणि चहा टाकते म्हणून आत गेली. मी गल्लीतच खुर्चीवर बसून राहिले. मला तेव्हा माझीच चीड आली होती. वाटलं, उगाच सगळ्यांच्या आनंदात माती कालवली.

आतून मालकांची हाक आली. "नागेश, ए नागेश! इकडे ये, गंमत बघ."

आम्ही दोघं आत गेलो. मालक स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी उभे होते. ते दार घर बांधल्यापासून कधी नीट लागलंच नव्हतं. सुतारानं दोनदा रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या; शेवटी कंटाळून आम्ही खिळा मारून त्याला दोरी बांधली होती. मालकांनी ती दोरी सोडून ठेवली होती.

"काही करू नकोस," ते म्हणाले. "नुसतं बोट लाव."

नागेशनं हसत हसत बोट लावलं. दार अलगद गेलं आणि चौकटीत जाऊन लागलं. कडी सरकवली, ती सरळ भोकात गेली. जशी नव्या घरात जाते तशी.

नागेशनं दार उघडलं. पुन्हा बोट लावलं. पुन्हा तसंच लागलं. त्यानं वर चौकटीकडे बघितलं, मग खाली उंबऱ्याकडे. मग माझ्याकडे. 

बाहेर लॉरीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून विचारत होता, सळ्या कुठं उतरवायच्या म्हणून. ज्योती गॅसपाशी पाठमोरी उभी होती, चहात साखर घालत.

"ज्योती," नागेश अगदी हळू म्हणाला, "गॅस बंद कर. आणि आधी तू बाहेर चल."

मालकांचं तोंड उतरलं. दारावर हात ठेवून म्हणाले, "अरे, पण आत्ता कुठं नीट लागायला लागलंय."